मदत हवी आहे : वांद्र्यातली भित्तिचित्रं पाहायला कुठून सुरुवात करू?

रविवारी सकाळी चॅपल रोडवरून रानवारच्या गल्लीत शिरले आणि थबकलेच. एका भिंतीवर रंगवलेली बाई, तिच्या डोळ्याशेजारीच विजेचा मीटर. गालावरचे रंगाचे पोपडे सुटून आतला जुना निळा थर दिसत होता. फार जीव हळहळला.

आता आईला घेऊन जायचंय. एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ साली रंगवलेले दादासाहेब फाळके तिला दाखवायचेच आहेत. पण तिचे गुडघे दुखतात, चढउतार जमत नाही.

रिक्षा कुठे सोडावी? सकाळी सावली कोणत्या बाजूला असते? आणि चित्रकार रंजीत दहियांनी चॅपल रोडवर भिंतीवर रंगवलेली अनारकली अजून शाबूत आहे का? अलीकडे कुणी पाहिली असेल तर प्लीज सांगा.