छोटी गाडी स्वस्तात खाली घ्यायची, तर पैसे स्प्रिंगवर नाही, शॉकअपवर घाला

चौथा_गिअर

हॅचबॅक खाली घ्यायचा, म्हणजे तिची बॉडी जमिनीच्या जवळ आणायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: स्वस्तात स्वस्त स्प्रिंग कुठली? माझ्या मते हिशेब तिथेच फसतो. बजेट तुटपुंजं असेल तर ३० मिमीच्या पुढे जाऊच नका. स्प्रिंग साधी घ्या, पण त्याच मॉडेलसाठी बनवलेली. उरलेले पैसे नव्या शॉकअपवर आणि अलाइनमेंटवर घाला.

खाली घेण्याची स्प्रिंग मूळपेक्षा आखूड आणि कडक असते. तिची उसळी आवरायची तर शॉकअपही त्या ताकदीचा हवा. स्प्रिंग २० टक्के कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला तर डँपिंगचं (उसळी विझवण्याचं) प्रमाण साधारण ९ टक्क्यांनी घटतं, कारण ते कडकपणाच्या वर्गमुळाशी बांधलेलं असतं. शॉकअप ठणठणीत असेल तर हे खपून जातं. आधीच दमलेला, तेल पाझरणारा असेल तर गाडी दिसते रेसिंगची आणि डुलते होडीसारखी.

त्यात बंपस्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की शेवटी ज्यावर आदळतं तो रबरी ठोकळा. गाडी जेवढी खाली आली तेवढं बंपस्टॉपपर्यंतचं अंतर कमी झालं. चार माणसं बसली की प्रत्येक खड्ड्यात ठक्कन आवाज.

'आहे तीच स्प्रिंग सरळ काप' म्हणणाऱ्यांनीही जरूर लिहावं, फक्त कारणासकट.

ग्राइंडर_हाती

आलो कारणासकट. कापलेल्या स्प्रिंगला शिव्या घालायची फॅशनच झाली आहे. कापल्यावर स्प्रिंग मऊ पडते असं अजूनही लोक बिनधास्त लिहितात. अहो, उलट आहे! काम करणारे वेढे जितके कमी, तितकी स्प्रिंग कडक. सहा वेढ्यांतला एक काढला की कडकपणा सहा भागिले पाच, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतो. विकतच्या 'स्पोर्ट' स्प्रिंगमध्येही साधारण एवढीच वाढ असते. मग फुकटात होतंय ते पैसे देऊन का करायचं?

अट एकच. कटिंग डिस्कने, थांबत थांबत, तार तापू न देता कापायची. गॅसकटर लावणाऱ्याच्या हातून मात्र गाडीची किल्लीसुद्धा काढून घ्यावी. उष्णतेने तारेचं पाणी, म्हणजे तिचा टणकपणा, उतरलं की ती स्प्रिंग संपली.

मोजपट्टी

गणित बरोबर, पण अर्धं. उरलेलं मी मांडतो.

समजा एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन २५० किलो, म्हणजे सुमारे २,४५० न्यूटन. मूळ स्प्रिंग २० न्यूटन प्रति मिमी, म्हणजे ती १२२ मिमी दबून बसते. एक वेढा कापला की ती २४ ची झाली, आता १०२ मिमीच दबते. वेढ्यांमधलं अंतर ५० मिमी असेल तर उंची ५० ने कमी झाली, पण दबणं २० ने घटलं. गाडी खाली येणार ३० मिमी. 'एक वेढा कापला तरी हवी तेवढी बसली नाही' म्हणून लोक दुसरा कापतात आणि मग रडतात, त्याचं मूळ हे. कापायचंच असेल तर अर्ध्या अर्ध्या वेढ्याने जा. मोजताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलंत तर टायरमधली हवासुद्धा आकडा बदलते.

आता धोक्याचं. जॅकवर घेऊन चाक पूर्ण लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. खुळखुळली तर ती आखूड झालेली आहे. पुढच्या स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबात) ती निदान वरखाली दोन्हीकडून कोंडलेली असते. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) असेल आणि शॉकअप वेगळा, तर स्प्रिंग नुसती दोन खोबणींत उभी असते. उंचवट्यावरून चाक हवेत गेलं की ती जागेवरून सरकू शकते.

आणि टोक पाहिलंत का? काही स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं आत वळवून बारीक केलेलं असतं, म्हणजे ते बैठकीत नेमकं बसावं. तेच कापलंत तर उरलेली उघडी तार बैठकीवर एका बिंदूवर टेकते.

ग्राइंडर_हाती

वळवलेल्या टोकाची मीही कापत नाही. सरळ टोकाची कापतो. सरसकट सगळ्यांना एकाच काठीने हाणू नका.

मागची_सीट

मुळात खाली घ्यायचीच कशाला? त्याच पैशांत चांगले टायर आणि जाडसर अँटीरोल बार (वळणात बॉडीचं कलणं रोखणारा दांडा) येतो. कलणं कमी, पकड जास्त, बुडाला घासाघीस नाही.

चौथा_गिअर

गुरुत्वमध्य खाली येतो हो. वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन त्याच्या उंचीवर ठरतं. तो ५५० मिमीवर असेल आणि गाडी ३० मिमी खाली आली तर सरकणारं वजन साडेपाच टक्क्यांनी घटतं. थोडं आहे, पण खरं आहे.

तिरपा_आर्म

गुरुत्वमध्याचं सगळे सांगतात, रोल सेंटरचं, म्हणजे वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते त्याचं, कुणीच नाही. छोट्या गाड्यांत पुढे बहुतेक मॅकफर्सन स्ट्रट असतो. मूळ उंचीला त्याचा लोअर आर्म (चाक बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो आडवा होतो, अजून खाली नेली की चाकाकडे चढायला लागतो. या नादात रोल सेंटर बॉडीपेक्षा जास्त वेगाने खाली घसरतं. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातलं अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, उलट वाढते! म्हणजे गुरुत्वमध्याने कमावलेलं रोल सेंटरने घालवलं, आणि कलणं आवरायचं काम पुन्हा त्या कडक स्प्रिंगच्याच गळ्यात.

टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोनही बदलतो, मग खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग आपोआप इकडेतिकडे खेचतं. यावर उपाय आहे, लांब दांड्याचे बॉलजॉइंट (आर्म आणि चाक यांमधले गोल सांधे), पण ते घेतले की 'स्वस्तात' शब्द धाग्याच्या नावातून काढावा लागेल. म्हणून धागाकर्त्यांच्या ३० मिमीला माझं अनुमोदन. ५० ला नाही.

मागची_सीट

म्हणजे दिसण्यासाठीच करता, असं सरळ म्हणा ना. हलकेच घ्या.

चौथा_गिअर

दिसण्यासाठीही करतो. त्यात लाजायचं काय? मडगार्डमधली ती पोकळी डोळ्यांत खुपते.

सेकंडहँड

सरळ स्वस्तातले कॉइलओव्हर (आट्यांवर उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड) घ्या, उंची हवी तशी फिरवा, वाद मिटला.

मोजपट्टी

तळाच्या किमतीतल्या कॉइलओव्हरचे आटे चिखल-पाण्यात गंजून धरतात, मग 'हवी तशी' उंची एकाच जागी अडकून बसते. बहुतेकांत उंची स्प्रिंगची बैठक फिरवूनच बदलते, म्हणजे गाडी खाली आणली की शॉकअपला दबायला उरलेली जागा, म्हणजे स्ट्रोक, तसाच कमी होतो. चांगले घेणार असाल तर पास, मग विषयच वेगळा.

जुना_पाना

अवांतर, पण सगळ्या छोट्या गाड्या गुंडाळी स्प्रिंगवर उभ्या नसतात. १९५९ च्या मूळ मिनीत स्प्रिंगच्या जागी रबराचे शंकू होते. तिथे त्या शंकूखालचा दांडा आखूड केला की गाडी खाली. पूजो २०५ ला मागे आडवे टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे. बार दात्यांतून बाहेर ओढायचा, फिरवून वेगळ्या दात्यात बसवायचा, दोन्ही बाजू सारख्या. नवा पार्ट शून्य, बारचा कडकपणाही तोच. गंजून बसलेला बार बाहेर ओढताना काय शब्द तोंडून निघतात ते इथे लिहिता येणार नाहीत. आणि शॉकअप तिथेही आपल्या जुन्या स्ट्रोकसाठीच बनलेला असतो, हे विसरू नका.

ओला_ब्रेक

एवढ्या चर्चेत ब्रेकचं नाव नाही. एबीएस नसलेल्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह जोडलेला असतो. मागे माणसं बसली, बॉडी खाली आली, की त्याची दांडी हलते आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब मिळतो. तुम्ही मागची उंची कायमची कमी केलीत, तर व्हॉल्व्हला वाटतं डिकी भरलेली आहे. रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम. ओल्या रस्त्यावर याचा अर्थ सांगायला नको.

ग्राइंडर_हाती

हा मुद्दा मान्य. पण तो तुमच्या विकतच्या स्प्रिंगलाही तितकाच लागू आहे ना?

ओला_ब्रेक

शंभर टक्के. कुठल्याही मार्गाने खाली आणा, दांडीची सेटिंग नव्या उंचीला करून घ्या. तेव्हाच हेडलाइटचा झोतही तपासा. कमी ग्राउंड क्लिअरन्स आणि विमा यांचे नियम बघूनच कामाला हात घाला.

तिरपा_आर्म

आणि लोअर आर्मचे बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावरच शेवटचे आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबरी बुश (आर्मच्या सांध्यातलं रबरी नळकांडं) कायम पिळलेला राहतो आणि लवकरच फाटतो. मग करकर ऐकू आली की शिव्या पडतात नव्या स्प्रिंगला. अलाइनमेंट त्यानंतर, आधी नाही.

ग्राइंडर_हाती

ठीक. शॉकअप नवे, दांडी सेट, बुश वजनावर. स्प्रिंग मात्र मी सरळ टोकाचीच घेऊन अर्धा वेढा कापणार.

चौथा_गिअर

काप बाबा. जॅकवर लोंबवून हलवून बघ, खुळखुळली तर इथे येऊन सांग.