पॅनोरमाला वाइड लेन्स नको म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

क्षितिजवेडा:
जो तो हेच सांगतो, लँडस्केप पॅनोरमा जोडायचा, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून एक रुंद फोटो करायचा, तर ५० एमएमची लेन्स लावा, वाइडच्या, म्हणजे २४ किंवा १६ एमएमसारख्या जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सच्या वाटेला जाऊ नका. मला हे अजिबात पटत नाही. फुल फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० लावून कॅमेरा उभा धरला तर वरखाली जेमतेम ४० अंश मिळतात, म्हणजे पायाजवळचे खडक आणि वरचा ढग एका ओळीत मावतच नाहीत, मग दुसरी ओळ काढा, तिसरी काढा आणि तोवर ढग कुठच्या कुठे गेलेला असतो. २४ उभा धरला की ७४ अंश येतात, चांगला ४०% ओव्हरलॅप (शेजारच्या दोन फ्रेममधला सामाईक भाग) ठेवूनही पाच फ्रेममध्ये १८० अंश होतात.

पन्नासवाला:
आणि डोंगराचं काय? ५० वर तो सेन्सरवर दुप्पट मोठा पडतो, जोडायचं ते डिटेलसाठीच ना. वाइडचे कोपरे आधीच मऊ नि ताणलेले, नेमके तेच सांध्यावर येतात, वर आकाशात व्हिग्नेटिंगचे, म्हणजे फ्रेमच्या कडा काळवंडल्याचे पट्टे.

क्षितिजवेडा:
पट्टे रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच) लेन्स करेक्शन लावलं की जातात, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स मात्र मॅन्युअल हवाच. कोपऱ्यांसाठीच तर ४०% ओव्हरलॅप म्हणतोय, तेवढा असला की सांधा कोपऱ्यापासून बराच आत घेता येतो. आणि बाजूचा ताण रेक्टिलिनियरमध्ये (सरळ रेषा सरळच ठेवणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये) जोडल्यामुळे येतो, हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिलिंड्रिकल (नळकांड्यावर गुंडाळल्यासारखं) प्रोजेक्शन निवडून बघा, फरक लगेच दिसेल. फक्त कॅमेरा लेव्हल ठेवा, वर-खाली झुकवलात तर क्षितिज वाकतं.

ट्रायपॉडवाली:
दोघंही मुख्य गोष्ट सोडून बोलताय, पॅरॅलॅक्स! म्हणजे कॅमेरा फिरवताना जवळची वस्तू लांबच्या वस्तूपासून सरकलेली दिसणं. वाइड लावायचं कारणच जवळचा खडक आणि पॅरॅलॅक्स दिसतो तोही जवळच्याच वस्तूंत. कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती नाही, लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलभोवती (समोरून पाहिल्यावर लेन्सच्या आत दिसणाऱ्या छिद्राभोवती) फिरायला हवा. नोडल स्लाइड (ट्रायपॉडवर कॅमेरा मागेपुढे सरकवायची पट्टी) घ्या, जवळची काठी आणि लांबचा खांब एका रेषेत धरून कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा, काठी खांबापासून सरकत असेल तर स्लाइड मागेपुढे करा, सरकणं थांबलं की तिथे खूण करून ठेवा. आणि पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) काढा, लेन्स कुठलीही असो, सूर्यापासून ९० अंशांवर आकाशात गडद डाग येणारच.

पन्नासवाला:
मग मी काय वेगळं म्हणतोय? ही सगळी यातायात वाइडमुळेच. लांबची रांग ५० ने हातात धरूनसुद्धा नीट जुळते. आणि खडकच हवा असेल तर १६ ने एकच फ्रेम घ्या, वरखाली कापा, जोडायचंच कशाला?

क्षितिजवेडा:
नुसती लांबची रांग असेल तर मी ८५ पण लावेन, त्यात वाद नाही. पण १६ आडवा धरून ९७ अंशांवर थांबतो, मला १५० हवेत, आणि ते कापून उरलेले पिक्सेल मोठ्या प्रिंटला पुरत नाहीत. खडक, पाणी, डोंगर, आकाश सगळं एका ओळीत हवं असेल तर मी २४ च लावणार, स्लाइड वाहून न्यावी लागली तरी चालेल.