आवारात निवांत बसायला जागा कुठे आहे?

वडाचीपारंबी (धागाकर्ती)

भाच्याची बारावी झाली. कुठे प्रवेश घ्यायचा यावर घरात रोज चर्चा चालू आहे. परवा तो एकेका संस्थेची माहितीपुस्तिका उघडून दाखवत होता. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर इमारत: कुठे काचेची, कुठे दगडी, कुठे समोर कारंजं. मी त्याला विचारलं, "यातल्या कुठल्या जागी तुला दोन तास काही विकत न घेता बसता येईल?" त्याला सांगता येईना.

मी हे विचारलं, कारण दोन्ही तऱ्हेच्या आवारांत शिकले आहे. पदवी एका खासगी संस्थेतून घेतली, नाव देत नाही. सात मजली काचेची इमारत, समोर हिरवळ आणि हिरवळीवर जाऊ नये अशी पाटी. तास संपल्यावर जिन्यात बसलो तर रखवालदार काका उठवायचे. कँटीनमध्ये बसायचं तर कूपन फाडावं लागायचं. तीन वर्षांत दुसऱ्या शाखेच्या एकाही मुलीशी माझी ओळख झाली नाही, कारण थांबायलाच जागा नव्हती.

मग एम.ए.ला पुणे विद्यापीठात, गणेशखिंडीत आले. ४११ एकरांचं आवार. पहिल्याच आठवड्यात जयकर ग्रंथालयाबाहेर झाडाखाली डबा खात बसले होते. शेजारी एक मुलगा भूशास्त्राच्या वहीत खडकांचे थर रंगवत होता. बेसाल्टसाठी त्याच्याकडे हिरवी पेन्सिल होती. "काळ्या दगडाला हिरवा रंग का?" एवढं मी विचारलं आणि पुढचा तासभर आम्ही दख्खनच्या पठारावर बोलत होतो. माझा विषय मराठी.

त्या दोन वर्षांत मुख्य इमारतीत मी मोजून तीनदा गेले असेन, तेही कागदपत्रांसाठी. तरी विद्यापीठ म्हटलं की सगळे तिचाच फोटो लावतात. माझं म्हणणं असं की आवाराची पारख इमारतीवरून करूच नये. दोन इमारतींच्या मधल्या जागेवरून करावी. तुम्हाला काय वाटतं?

गोदाकाठ

ताई, पटलं नाही. थोडं सविस्तर लिहितो.

मी परभणी जिल्ह्यातला. घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. प्रवेशाच्या दिवशी वडील सोबत होते. रात्रीच्या गाडीने आलो, सकाळी रिक्षाने आवारात शिरलो. झाडांमधून तो उंच मनोरा दिसला, मग कमानींची लांबच लांब दगडी इमारत. वडील थांबले. हळूच म्हणाले, "इथं आत जाऊ देतेत का रं आपल्याला?" मी हातातली प्रवेशपत्रिका दाखवली. त्यांनी ती घेतली, उघडून पाहिली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. ती मला संध्याकाळी परत मिळाली.

झाडं आमच्या गावातही आहेत, पारही आहे. निवांत बसायला मला विद्यापीठ नको होतं. ज्या जागी आपल्याला शिरता येईल असं घरात कुणाला वाटलंच नव्हतं, तिथे नाव लावून शिरायचं होतं. ते त्या इमारतीमुळे डोळ्यांना दिसलं. तिच्या जागी साधी चारमजली चाळ असती तर वडील थबकले नसते.

नकाशावाला

गोदाकाठ, तुमच्या वडिलांचा प्रश्न वाचून गलबलून आलं. पण तो प्रश्न त्यांना पडावा म्हणूनच ती इमारत तशी बांधली होती, हेही बोललं पाहिजे.

ते मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना १८६४ साली काम सुरू झालं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो हा काळ. वास्तुकार जेम्स ट्रबशॉ, शैली इटलीतल्या हवेलीची, मनोरा ८० फुटांचा. लांबून दिसावं, पाहणाऱ्याने दबावं, हाच त्या बांधणीचा हेतू. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी याच वास्तूत झाली. तिथून परततानाच गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्या मनोऱ्याकडे पुणेकर तेव्हा कुठल्या नजरेने पाहत असतील, विचार करा.

आता मांडणीबद्दल. मी वास्तुशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून हे जास्त टोचतं. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि ही जागा मिळाली. म्हणजे सुरुवात एका साहेबी बंगल्यापासून आणि त्याच्या बागेपासून झाली. विद्यापीठ म्हणून ती जागा कुणी मुळातून आखली नव्हती. पुढे विभाग वाढत गेले तसतशा इमारती उभ्या राहिल्या, प्रत्येकीला वेगळं दार, वेगळं कुंपण. वडाचीपारंबी यांना भूशास्त्राचा मुलगा भेटला हे छानच झालं, पण तो योगायोग होता. मांडणी अशी हवी की असे योगायोग रोज घडावेत.

आयआयटी कानपूरचा नकाशा एकदा बघा. कोकणातल्या आचऱ्यात जन्मलेल्या अच्युत कानविंद्यांनी १९६० च्या दशकात तो केला. ग्रंथालय, व्याख्यानगृहं, विभाग हे सगळं छप्पर असलेल्या लांब पादचारी मार्गांनी जोडलंय. कानपूरच्या उन्हात कुणीही बाहेरून जाणार नाही, सगळे त्याच मार्गाने जाणार, म्हणजे एकमेकांसमोर येणार. मधली जागा हवी हे मान्य. पण ती आखावी लागते. वडाच्या भरवशावर सोडून चालत नाही.

वडाचीपारंबी

नकाशावाला, आखलेल्या जागेत आखलेलंच घडतं, अशी मला भीती वाटते. त्या मुलाशी बोलले ते आम्हा दोघांनाही कुठे पोचायचं नव्हतं म्हणून. रहदारीच्या मार्गावर माणसं दिसतात, पण थांबत नाहीत. वडाखाली थांबतात.

काळापाषाण

आखूनही थांबायची जागा करता येते. लांब जायला नको, याच गणेशखिंडीच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. १९८८ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने संस्था उभी राहिली, इमारत चार्ल्स कोरियांची. बाहेरून नुसत्या काळ्या दगडाच्या भिंती. खाली ओबडधोबड पाषाण आणि वर गेलं की गुळगुळीत दगड, त्यात आभाळाचं प्रतिबिंब पडतं. आत गेलं की मधोमध पायऱ्या उतरत जाणारा कुंड. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे तिथेच आहेत. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी सगळ्यांना आत सोडतात, तेव्हा मी पाहिलंय. शाळेतली पोरं त्या पायऱ्यांवर आपोआप बसली, कुणी सांगावं लागलं नाही. नदीच्या घाटावर आपण कसे बसतो, तसंच. बसण्याची ही सवय आपल्या अंगात आहे. कोरियांनी ती ओळखली.

इमारत की मोकळी जागा, हा झगडाच मला पटत नाही. चांगल्या इमारतीच्या पोटातच मोकळी जागा असते.

ओव्हलकडून

आम्हा फोर्टवाल्यांना ४११ एकर ऐकूनच हेवा वाटतो! मुंबई विद्यापीठाचं फोर्टचं आवार चालायला घेतलं तर पाच मिनिटांत संपतं. पण राजाबाई मनोऱ्याखालच्या वाचनालयात दुपारी चारला बसून बघा. पश्चिमेचं ऊन रंगीत काचांतून आत येतं आणि वहीच्या पानावर लाल-निळे तुकडे पडतात. सूर्य सरकतो तसे ते ओळींवरून सरकत जातात. मला उत्तरं किती पाठ झाली ते आठवत नाही, ते तुकडे आठवतात.

नकाशावाला यांच्यासाठी एक. ज्याने हा आराखडा केला तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट कधी मुंबईला आलाच नाही, लंडनहून नकाशे पाठवले. मनोऱ्याला पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, त्याच कापसाच्या तेजीतले, आणि नाव दिलं आईचं, राजाबाईचं. आराखडा परका, पैसा इथला, नाव एका इथल्या आईचं. मग इमारत कुणाची? माझ्या मते तिथे बसून जो वाचतो त्याची.

बसायच्या जागेचं म्हणाल तर आमचं आवार म्हणजे समोरचं ओव्हल मैदान. शहरात विद्यापीठ असण्याचा फायदा हाच, की अंगण शहर पुरवतं.

गोदाकाठ

'जो वाचतो त्याची' हे अगदी माझ्या मनातलं. नकाशावाला, इमारत दबवण्यासाठीच बांधली होती, कबूल. पण १९४९ नंतर तिथे आमच्यासारख्यांची नावं हजेरीपटावर लागली. गव्हर्नरच्या दिवाणखान्याच्या जागी विद्यापीठ येतं, तेव्हा वास्तूचा अर्थ बदलतो. दगड तेच राहिले, म्हणून तर तो बदल दिसतो.

लेणीपायथा

आत्तापर्यंत सगळे इमारत, वड आणि कुंड यांवर बोलले. आमच्याकडे या, छत्रपती संभाजीनगरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. मागे डोंगर, डोंगरात लेणी, परिसर देखणाच आहे. पण आमच्या विद्यापीठाची ओळख आहे गेट. एक कमान, तिला ना खोली, ना बसायला जागा.

नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरं जळली, माणसं गेली. म्हणून दरवर्षी १४ जानेवारीला गावोगावहून लोक येतात ते त्या गेटपाशी. त्यांतल्या कितीतरी जणांनी आत एकही तास केलेला नाही. माझी आजी अंगठेबहाद्दर होती. तिने गेटच्या खांबाला हात लावला आणि तो हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी तेव्हा सातवीत होते. विद्यापीठात शिकायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

वडाचीपारंबी, तुमचं दोन तास बसण्याचं माप या गेटला लावून बघा. तिथे कुणी दोन मिनिटंही बसत नाही. तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या वास्तूवर इतक्या माणसांचा जीव नसेल.

तीनपायऱ्या

सगळं वाचलं. कमान, कुंड, दगडी जिने, लांब वाटा, सगळ्यांवर तुमचा जीव आहे. मी कुबड्यांवर चालते.

मी शिकले त्या संस्थेचं आवार फार सुंदर आहे असं सगळे म्हणत. ग्रंथालयाच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या, प्रत्येकी साधारण सहा इंच. एकूण दीड फूट चढ. उताराचं मान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट लांबीचा उतार हवा. तिथे जो केला होता तो सहा फुटांचाही नव्हता. चाकाची खुर्ची त्यावरून मागे घसरते, कुबडी सटकते. मी अर्ज दिला तेव्हा उत्तर मिळालं की लांब उतार केला तर दर्शनी भागाचं सौंदर्य बिघडेल. दोन वर्षं मैत्रिणी मला पुस्तकं बाहेर आणून देत होत्या. पुस्तकांच्या कपाटांसमोर उभं राहून एखादं पुस्तक स्वतः निवडणं मला तिथे मिळालं नाही.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. काळापाषाण, कुंडाच्या पायऱ्या तुम्हाला घाटासारख्या वाटल्या. मला घाटावरही वरच थांबावं लागतं. आणि वडाचीपारंबी, तुमच्या वडाखाली मुळं वर आलेली असतात.

काळापाषाण

खरंय. कुंडाच्या काठावर कुणी थांबलेलं असू शकेल हे माझ्या लक्षातच आलं नाही. माफ करा. एक मात्र विचारतो, दर्शनी भाग आणि उतार यांचं खरंच वैर असतं का? आरेखनात सुरुवातीपासून उतार धरला तर तोच दर्शनी भाग होऊ शकतो. अडचण येते ती नंतर जोडायला गेलं की.

नकाशावाला

म्हणूनच मी 'आखावी लागते' म्हणत होतो. वड छान असतो, पण त्याच्यापर्यंतची वाट आखावीच लागेल: सपाट, फरसबंद, रात्री दिवा असलेली. जिथे दिवा नाही तिथे संध्याकाळी सहानंतर मुली बसत नाहीत, मग ती मोकळी जागा निम्म्या विद्यार्थ्यांचीच राहते.

ओव्हलकडून, तुमच्या अंगणाबद्दल मात्र असहमत. ज्या गावात ओव्हल नाही तिथे शहर काय पुरवणार? तिथे आवारालाच अंगण व्हावं लागतं.

वडाचीपारंबी

लेणीपायथा, तुमच्या आजींचा हात वाचून माझं माप अपुरं आहे हे मान्य करते. गेटला ते लागूच पडत नाही. गोदाकाठ, वडिलांनी प्रवेशपत्रिका खिशात ठेवली त्यालाही लागत नाही. तुम्ही दोघं दाराबद्दल बोलताय, मी आत आल्यानंतरच्या दिवसांबद्दल. दार लागतंच. पण दोन वर्षं दारात उभं राहून काढता येत नाहीत, एवढं माझं म्हणणं अजून शिल्लक आहे.

तीनपायऱ्या, तुम्हाला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही. त्या झाडाखाली मी दोन वर्षं बसले आणि मुळं कधी दिसली नाहीत.

शनिवारी भाच्याला घेऊन दोन आवारं बघायला जाणार आहे. तास चालू असताना जाऊ, म्हणजे मुलं कुठे बसतात ते दिसेल. तीनपायऱ्या, सोबत मोजपट्टीही घेतेय. ग्रंथालयाच्या दाराशी उतार किती फुटांचा आहे ते मोजून इथेच लिहीन.

तीनपायऱ्या

दाराचा उंबरठाही मोजा. आणि कपाटांमधल्या बोळाची रुंदी.