मदत हवी आहे : जांबोटी-कणकुंबीच्या डोंगरवाटांचा नकाशा, टोपोशीट आणि मोबाईल जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

आम्ही बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातली काही माणसं मिळून जुन्या पायवाटांचा नकाशा करतोय. देवाला जायच्या वाटा, गुरांच्या वाटा, बाजाराच्या वाटा. गाड्या आल्यापासून या वाटा मोडत चालल्यात आणि त्या अंधारातसुद्धा चालणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीला आलीत. ती आहेत तोवर वाटा कागदावर यायला हव्यात. आणि कागद असा हवा, की त्याच्या भरवशावर परका माणूसही नीट घरी पोचेल. म्हणून आधी विचारतोय.

आमच्याकडं ४८ आय/२ आणि ४८ आय/६ या जुन्या टोपोशीटांचे, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूरूप नकाशांचे, स्कॅन आहेत. प्रमाण १:५०,०००, म्हणजे दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला. त्यावर दोन मोबाईलच्या जीपीएसनं चालताना नोंदलेले ट्रॅक टाकले, तर सगळंच सरकलेलं दिसतं. कणकुंबीच्या माउलीचं देऊळ असो, चोर्ला रस्त्यावरची मोरी असो, फरक शंभर मीटरांच्या वर. उंचीचं तर विचारूच नका. एक मोबाईल टोपोशीटच्या जवळपास दाखवतो, दुसरा त्याच जागी ऐंशीएक मीटर कमी. खरं कुणाचं धरायचं?

याहून मोठी काळजी सड्याची आहे. आमच्या भागात वर गेलं की बऱ्याच ठिकाणी सपाट कातळ लागतो, ना झाड ना खूण. आषाढात धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही. नकाशावर तिथं दोन रेषांमध्ये नुसती मोकळी जागा.

आणि पाणी. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावून पूर्वेला कृष्णेकडं जाते. त्याच गावाजवळचा कळसा नाला मात्र पश्चिमेला म्हादईत, म्हणजे गोव्याकडं. मधला उंचवटा इतका हलका, की पायाला चढ जाणवत नाही. 'वाट चुकली तर पाण्याच्या कडेनं खाली उतर, गाव लागतंच' असं सगळीकडं सांगतात. आमच्याकडं चुकीचा ओहोळ धरला, तर गाव लागायच्या आधी कडा लागतो. नकाशात हे कसं दाखवावं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १ :

आधी एक तपासा. सरकलेलं अंतर सगळीकडं तेवढंच आणि एकाच दिशेला आहे का? असेल तर दोष ना मोबाईलचा, ना सर्वेक्षण करणाऱ्यांचा. जुन्या टोपोशीट 'एव्हरेस्ट' नावाच्या पृथ्वीच्या गणिती आकारावर बेतलेल्या आहेत, जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' नावाच्या दुसऱ्या आकारावर चालतं. दोन्हींचे अक्षांश-रेखांश तसेच एकमेकांवर ठेवले, की तुमच्या भागात असा शे-दीडशे मीटरांचा फरक पडतो. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन बसवताना त्याला एव्हरेस्टचं डेटम (म्हणजे कुठला आकार धरून मोजलं ते) द्या, मग डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, यूटीएम या मीटरांत मोजायच्या जाळीच्या झोन ४३ ला बदला. नाहीतर सर्व्हे ऑफ इंडियाची नवी ओपन सिरीज शीट घ्या, ती मुळातच डब्ल्यूजीएस ८४ वर आहे. फरक कधी इकडं, कधी तिकडं असेल, तर मात्र झाडी आणि दरीमुळं सिग्नल भरकटतोय. तिथं एकाच वाटेचे अनेक ट्रॅक गोळा करून मधली रेघ धरा.

उंचीचं कोडं सोपं आहे. कच्चा जीपीएस त्या गणिती आकारापासून उंची मोजतो, टोपोशीट समुद्रसपाटीपासून. दक्षिण भारतात हे दोन पृष्ठभाग बरेच दूर आहेत, तुमच्याकडं ऐंशी मीटरांच्या आसपास. एका ॲपनं ती दुरुस्ती केली आहे, दुसऱ्यानं नाही, एवढंच. फुकटच्या उंचीच्या माहितीबद्दलही सावध राहा. त्यातली बरीचशी २००० साली अवकाशयानातून रडारनं घेतलेली आहे, साधारण ३० मीटरला एक ठिपका. दाट रानात रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, झाडांच्या शेंड्यांचाच हिशोब त्यात मिसळतो. आणि २० मीटरच्या रेषांमध्ये १५ मीटरचा कडा सहज लपतो. कडे डोळ्यांनी पाहून वेगळ्या खुणेनं काढा, रेषांवर सोडू नका.

प्रतिसाद २ :

पाण्याचं तुम्ही फार मोलाचं लिहिलंत. प्रत्येक ओहोळावर वाहण्याच्या दिशेचा बाण काढा. पूर्वेचं पाणी एका रंगात, पश्चिमेचं दुसऱ्या, आणि मधली धार, म्हणजे पाणी दोन्हीकडं वाटणारा उंचवटा, जाड तुटक रेघेनं. भाद्रपदात फिरून बाण भरा, तेव्हा ओहोळ वाहते असतात. उन्हाळ्यात कातळावर उतार कुठला तेच कळत नाही.

धुक्यातल्या सड्यासाठी कंपास हवाच. तुमच्याकडं चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाच फरक आहे, तो सोडून द्या. एकाला दिसेल तितकं पुढं पाठवायचं, कंपासवर बघून डावीकडं-उजवीकडं सरकवायचं, मग आपण त्याच्यापाशी जायचं. वेळ लागतो, पण रेघ सरळ राहते. दुसरं, वाटेच्या तोंडावर थेट नेम धरू नका. मुद्दाम थोडं डावीकडं रोख ठेवा. मग धार किंवा सडक लागली की उजवीकडंच वळायचं हे आधीच ठरलेलं असतं. थेट नेम धरला आणि वाट दिसली नाही, तर कुठं वळायचं हेच कळत नाही. नकाशात प्रत्येक सड्याभोवती अशी 'अडवणारी' सडक, ओढा किंवा धार ठळक दाखवा.

शक्य असेल तर गवळी-धनगर वस्तीतल्या कुणाला सोबत घ्या. धुक्यात ते पायाखालचा दगड आणि गवत बघून चालतात, ते बारकावे विचारून टिपून ठेवा.

प्रतिसाद ३ :

४८ आय/६ मध्ये भीमगड अभयारण्य येतं. तिथं वन खात्याच्या परवानगीशिवाय फिरू नका. आतल्या वाटा नेटवर टाकूही नका, गावाच्या प्रतीत ठेवा.

धागाकर्ता :

सगळ्यांचे मनापासून आभार. फरक सगळीकडं एकाच दिशेला आहे, आत्ताच पुन्हा पाहिलं. म्हणजे डेटमच. अभयारण्यातल्या वाटा जाहीर नकाशातून काढतो. आता एकच विचारायचं आहे. ही प्रत पावसात भिजली तरी टिकायला हवी. कुठला कागद घ्यावा, आणि बेळगावात तसा छापून मिळतो का?