अनुभव धागा: राउटर समोर आहे, पण उघडत नाही

कडीकोयंडा (धागालेखक)

नेट बंद पडलं की सगळेच बोंब मारतात, त्यासाठी वेगळा धागा नको. हा धागा जरा वेगळ्या दुखण्यासाठी आहे. राउटर डोळ्यांसमोर आहे, दिवे लागलेले आहेत, पण त्याचं सेटिंगचं पान काही केल्या उघडत नाही. कधी 'ही साइट उपलब्ध नाही' येतं, कधी नुसतं चाक फिरत राहतं. नेट नसणं आणि राउटर न सापडणं या दोन तक्रारी एकत्र करू नका. बाहेरची फायबर तुटून लाल दिवा लागलेला असला तरी हे पान उघडायलाच हवं, कारण ते राउटरच्या पोटातूनच येतं, त्याला इंटरनेट लागत नाही. उलट नेट सुरळीत आहे आणि पान मात्र दर्शन देत नाही, असंही होतं.

एक अट. 'रीसेट केला, चालू झालं' एवढाच अनुभव असेल तर इथे नको. रीसेटनं दुखणं जातं, पण कारणही पुसलं जातं, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नेमकं कुठे अडलं होतं ते सापडलं असेल तर लिहा, क्षुल्लक वाटलं तरी.

रात्रपाळी

ग्राहकांचे फोन घेण्याच्या कामात काही वर्षं काढली आहेत, म्हणून नारळ मीच फोडतो.

माणूस सांगतो, "१९२.१६८.१.१ उघडत नाहीये." माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: हा आकडा तुम्हाला कोणी दिला? बहुतेक वेळा उत्तर यायचं, एका व्हिडिओत पाहिला. खाजगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले पत्ते १९९६ पासून ठरलेले आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ मधले आणि १९२.१६८ वाले. त्यातला कुठला घ्यायचा हे राउटर बनवणारा ठरवतो. कोणाचा शेवट ०.१, कोणाचा १.१, कोणी थेट १०.०.०.१. म्हणून पत्ता आठवत बसायचं नाही, यंत्रालाच विचारायचं. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग लिहा आणि 'डिफॉल्ट गेटवे'ची ओळ वाचा. फोनमध्ये जोडलेल्या वायफायच्या तपशिलात 'गेटवे' किंवा 'राउटर' या नावाखाली तोच आकडा असतो.

मग स्वतःच्या पत्त्याची ओळ वाचायला लावायचो. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा निघाला की पुढचं सोपं. तो राउटरनं दिलेला नसतो. पत्ता मागून मागून कोणी देईना, तेव्हा संगणकानं आपल्या आपण घेतलेला असतो. म्हणजे ब्राउझर आणि पासवर्ड बाजूला ठेवा. केबल, पोर्ट नाहीतर राउटरमधला डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारा भाग, बघा. एक बाई मला हे आकडे वाचून दाखवता दाखवता मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही पिन लावताना खट्ट वाजलंच नव्हतं." त्यांनी केबल दाबली, खट्ट आवाज मला फोनवर ऐकू आला, आणि बाईंनी आभार न मानताच फोन ठेवला!

भोचक

रात्रपाळी, +१. त्यात भर. वायफायला इंटरनेट नाही असं कळलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर सरकतात. वर वायफायचं चिन्ह तसंच असतं, म्हणून संशय येत नाही. मग घरातल्या राउटरची विचारणा जाते मोबाइल टॉवरकडे. तिथे तो कसा सापडणार? विमान मोड लावायचा, मग त्यावर फक्त वायफाय चालू करायचं. आमच्याकडचे निम्मे प्रसंग इथेच मिटतात.

गणिताच्या बाई

मला यातलं फार कळत नाही, तरी लिहिते. माझ्या लॅपटॉपचा ब्राउझर आपणहून सुरक्षित जोडणी, म्हणजे एचटीटीपीएस, लावून बघायचा आणि राउटरचं पान होतं साध्या एचटीटीपीवर. आकड्यांच्या आधी एचटीटीपी, कोलन आणि दोन तिरक्या रेषा असं सगळं हातानं लिहिल्यावर पान उघडलं. एरवी मी नुसते आकडे लिहायचे आणि ब्राउझर कधीकधी ते शोधायलाच घ्यायचा, दहा भलतीच पानं समोर.

चष्मेवाला

बाई, माझं तुमच्या बरोबर उलट. माझा जुना राउटर फक्त एचटीटीपीएसच घेतो, पण टीएलएसची, म्हणजे त्या सुरक्षित जोडणीच्या नियमांची, जुनी आवृत्ती वापरून. २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी टीएलएस १.० आणि १.१ बंद केलं आणि एका अपडेटनंतर पान उघडेना. राउटरला काहीच झालेलं नव्हतं. अडगळीतल्या लॅपटॉपवरचा जुना ब्राउझर अजून ते पान दाखवतो. पण खरं सांगायचं तर ज्या राउटरचं पान उघडायला जुनं यंत्र लागतं, तो राउटर दारात ठेवायच्या लायकीचा राहिलेला नाही. सुरक्षेचे अपडेट त्याला कधीच थांबलेत.

सावकाश

आमच्याकडचं प्रकरण लांबलं, त्यामुळे लांबच लिहितो.

थोरल्या भावानं फार पूर्वी मॅक फिल्टर लावून ठेवला होता. ज्या यंत्रांचे मॅक पत्ते (बनवतानाच दिलेले ओळख क्रमांक) यादीत, त्यांनाच वायफाय. वर राउटरच्या पानावर फक्त भावाच्या फोनवरूनच जाता येईल, हीही सोय केलेली. बरीच वर्षं निर्धोक चाललं. मग त्यानं नवा फोन घेतला. जुन्या फोनवरून नव्याचा मॅक पत्ता यादीत घातला, 'अबाउट फोन'मध्ये वाचून, एकेक अक्षर तपासून. जुना फोन देऊन टाकला. नवा फोन काही जोडला जाईना. पासवर्ड बरोबर, 'जोडत आहे', आणि संपलं.

दादा म्हणाला, राउटर म्हातारा झाला. मी म्हटलं, माझा फोन चालतोय की. दोघांचे फोन शेजारी ठेवून वायफायचे तपशील उघडले तेव्हा उजेड पडला. त्याच्या फोनमध्ये 'अबाउट फोन'मधला मॅक एक आणि वायफायच्या पानावरचा दुसराच! अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक न देता एक बनवलेला पत्ता देतात, म्हणजे ठिकठिकाणी कोणी माग काढू नये. सोय चांगली आहे, पण मॅक फिल्टरशी तिचं जमत नाही. त्या नेटवर्कपुरतं 'फोनचा मॅक वापरा' निवडलं आणि दादा घरात आला.

खूण सांगतो: मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बहुधा बनवलेला. आणि मॅक फिल्टर ही तशीही तकलादू कडी आहे, मॅक पत्ता हवेतून उघडाच जातो. आम्ही काढून टाकला. दादाला अजून पटलेलं नाही.

वरचा मजला

जुना राउटर वरच्या मजल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावला. वायफाय उत्तम, पण त्याचं पान गायब. तळाच्या स्टिकरवरचा पत्ता टाकला की खालच्या राउटरचं पान यायचं. त्या मोडमध्ये गेल्यावर तो स्वतः पत्ते वाटत नाही, मुख्य राउटरकडून घेतो, म्हणून स्टिकरचा पत्ता रद्द. मुख्य राउटरमधली जोडलेल्या यंत्रांची यादी उघडली, त्यात वरच्याचा मॅक शोधला, शेजारी नवा पत्ता होता. तो आता तिथेच राखून ठेवलाय.

कडीकोयंडा

वरचा मजला, हे फार कामाचं. ज्यांनी मोडेम ब्रिज मोडला टाकलाय (तो फक्त नेट पुढे देतो, बाकी काम राउटरचं) त्यांचीही हीच गत. केबल मोडेम असेल तर त्याचं पान बहुधा १९२.१६८.१००.१ वर असतं, राउटरला जोडलेल्या यंत्रावरून ते उघडून बघा.

तारखांब

माझा किस्सा भुताटकीचा. राउटरचा पत्ता टाकला की कधी राउटरचं लॉगिन, कधी काहीच नाही, आणि एकदा चक्क कॅमेऱ्याचं लॉगिन! नेटही असंच, मध्येच जायचं, मध्येच यायचं. पिंगला (पत्त्यावर मारलेल्या हाकेला) उत्तर येत होतं, त्यामुळे सगळे म्हणत होते की राउटर जिवंत आहे, ब्राउझरचं काहीतरी आहे.

पिंगचं उत्तर आलं म्हणजे कोणीतरी बोललं. कोण बोललं हे पिंग सांगत नाही. एआरपीची यादी मागवली (काळ्या खिडकीत एआरपी, मग उणे चिन्ह आणि ए). त्यात प्रत्येक आयपी पत्त्यासमोर मॅक दिसतो. राउटर उलटा करून स्टिकरवरचा मॅक ताडून पाहिला तर जुळेना. थोड्या वेळानं यादी पुन्हा काढली, आता जुळला. म्हणजे एकाच पत्त्यावर दोन दावेदार, आणि ज्याचं उत्तर आधी पोचेल तो खरा. मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारा कळतो, तिथे कॅमेरा पकडला गेला. बसवणाऱ्यानं त्याला हातानं ठरावीक पत्ता दिलेला, आणि तो नेमका राउटरचाच. कॅमेऱ्याची केबल उपटली, एआरपीची यादी पुसली, भूत उतरलं. अशा यंत्रांना हातानं पत्ता देऊच नये; राउटरमध्ये त्यांच्या नावानं राखून ठेवावा, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही.

ऑफिसवाला

कंपनीचा लॅपटॉप, व्हीपीएन चालू. घरचा प्रिंटरही नाही, राउटरही नाही, सगळी वाहतूक बोगद्यातून ऑफिसला. व्हीपीएन बंद, राउटर हजर. संपलं.

भोचक

ऑफिसवाला, पाहुण्यांचं वायफायही तपासा. गेस्ट नेटवर्कवर असाल तर नेट चालतं पण राउटरचं पान मुद्दाम अडवलेलं असतं. काही राउटरांत तर 'व्यवस्थापन फक्त केबलवरून' अशी खूणच असते.

पसारा

घरातली आवराआवर झाली आणि संध्याकाळी सगळंच आडवं. केबल नाही, वायफाय नाही, राउटरचं पान नाही. स्विचकडे (नेटच्या केबल जोडायच्या डबीकडे) पाहिलं तर सगळे दिवे एकाच तालात थयथय नाचत होते. एरवी ते आपापल्या लयीत लुकलुकतात. कोणीतरी लोंबणारी मोकळी केबल दिसली म्हणून तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खुपसून नीटनेटकं केलं होतं. सर्वांसाठीचा संदेश त्या फेऱ्यात फिरत राहतो, वाढत जातो, आणि राउटरला श्वास घ्यायला जागा राहत नाही. साध्या स्विचला हे थांबवता येत नाही. एकेक केबल काढत गेलो, एका केबलला नाच थांबला.

सोल्डरवाला

अ‍ॅडाप्टरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. दिवे लागलेत म्हणजे वीज ठीक, असं नसतं. माझ्याकडे आलेला एक राउटर सुरू व्हायचा, वायफायचं नाव दिसायचं, कोणी जोडायला गेलं की मान टाकायचा आणि पुन्हा सुरू. मीटर लावला तर अ‍ॅडाप्टर मोकळा असताना बरोबर १२ व्होल्ट. राउटर जोडून त्याच वेळी मोजलं तर आकडा ९ च्या आसपास घसरलेला. आतले कपॅसिटर फुगलेले होते. दुसरा लावताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेच्या आत धन की ऋण ते चित्र बघूनच.

फर्मवेअरकर

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये घालायची मोफत प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी. एखादी सेटिंग जतन झाली आणि राउटर दिसेनासा झाला तर घाबरू नका, फेलसेफ, म्हणजे आत शिरायची आणीबाणीची वाट, आहे. राउटर सुरू होताना दिवा वेगळ्या गतीनं लुकलुकायला लागला की बटण दाबायचं; गती आणखी वाढली की आत. तिथे तो १९२.१६८.१.१ वर असतो पण पत्ते वाटत नाही, म्हणून संगणकाला हातानं १९२.१६८.१.२ द्यायचा आणि एसएसएचनं (आज्ञा लिहून चालवायच्या सुरक्षित जोडणीनं) शिरायचं. चुकलेली फाइल तेवढीच दुरुस्त करता येते, बाकी सगळं शाबूत.

दूरदेशी

आईवडिलांचा राउटर मी लांबून बघतो. बघायचो. एक दिवस बाहेरून पोचणं बंद. घरात सगळं छान, बाबा म्हणे, "आमचं तर चालू आहे रे." बाबांना राउटरच्या पानावरचा वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता वाचायला सांगितला: १००.७२ ने सुरुवात. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये सेवा पुरवणाऱ्यांसाठी राखला गेला, एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवायला. म्हणजे बाहेरून येणारा रस्ता राउटरपर्यंत येतच नाही, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून येण्याची दारं) कितीही उघडा. आता घरातलं एक छोटं यंत्रच बाहेर व्हीपीएन जोडून ठेवतं आणि मी त्या वाटेनं आत येतो. राउटरचं पान उघड्या इंटरनेटवर ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, हे आधीच करायला हवं होतं कोणीतरी.

कडीकोयंडा

रीसेटवर मी वर तोंड वाजवलं खरं, पण कधीकधी तो करावाच लागतो. मग एवढं करा: चालू असतानाच पीपीपीओईचं (नेटच्या जोडणीत लॉगिन करायचं) नाव, व्हीलॅनचा (सेवा देणाऱ्यानं ठरवलेला) आकडा आणि वायफायची नावं लिहून ठेवा, कॉन्फिगरेशनची प्रत उतरवून घ्या. पीपीपीओईचा पासवर्ड पानावर ठिपक्यांतच दिसतो, तो सेवा देणाऱ्याकडून आधीच मागून घ्या. बारीक भोकात पिन खुपसून धरली की हे सगळं जातं. बटणानं बंद करून चालू करणं वेगळं, त्यात काही जात नाही.

नवखी

माझा प्रश्न आहे, चालेल ना? राउटर बंद करून चालू केला की वायफायचं २.४ गिगाहर्ट्झचं नाव लगेच येतं, ५ गिगाहर्ट्झचं येतच नाही. माझ्या फोनमध्ये तेवढंच जतन आहे.

रात्रपाळी

नवखी ताई, किती वेळ थांबता? ५ गिगाहर्ट्झमधले काही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्यावर बोलण्याआधी राउटरला निदान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं, आणि रडार ऐकू आलं तर तो चॅनेल अर्ध्या तासासाठी सोडावा लागतो. २.४ वरून आत शिरा आणि ५ चा चॅनेल 'ऑटो' काढून ३६ ते ४८ मधला ठेवा.

नवखी

४४ ठेवला. दोन्ही नावं बरोबरच आली. धन्यवाद काका!

रात्रपाळी

काका नका म्हणू हो.