उल्व्हर बिघडले की आधीपासूनच तसे?
ब्लॅक मेटल (किंचाळत्या गळ्याचं कर्कश मेटल) वाजवत सुरू झालेला उल्व्हर हा बँड २०००च्या ‘पर्डिशन सिटी’ या अल्बमपासून बिघडला, असं काहीजण म्हणतात; ते काही पटलं नाही बुवा. नॉर्वेची ही मंडळी एका जागी टिकली कधी? १९९५च्या ‘बर्गटाट’मध्येच किंचाळण्याच्या जोडीला संथ, स्वच्छ गाणं होतं. पुढच्याच वर्षी ‘क्वेल्डसांगर’, त्यात डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) नावालाही नाही. मग १९९७ला ‘नात्तेन्स माद्रिगाल’: कानाजवळ पत्रा घासल्यासारखा आवाज (माझा सगळ्यात लाडका, पण रोज ऐकवत नाही). आणि लगेच १९९८ला इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या शब्दांवर इलेक्ट्रॉनिक संगीत! २०१७च्या ‘द असॅसिनेशन ऑफ ज्युलियस सीझर’मधला सिंथपॉप (सिंथेसायझरवरचं पॉप) मलाही आधी झेपला नव्हता. आता गाडीत बसलं की पहिला तोच लागतो.