विलो नक्षीची निळी ताटली 1820 ची असेल का?

प्रश्न (निळाई, बर्मिंगहॅम):
गेल्या रविवारी इथल्या जुन्या बाजारातून मी विलो नक्षीची (विलोचे झाड, पूल, चिनी धाटणीची घरे असे चित्र असलेली) निळी-पांढरी ताटली घेतली. ती 1820 च्या सुमाराची असल्याचे विक्रेत्याने ठामपणे सांगितले. मागे मुकुटाचा छाप आहे आणि त्याखाली ‘इंग्लंड’ असे छापलेले आहे. काठावरच्या नक्षीची रेघ एका जागी जुळत नाही आणि झिलईखाली (वरच्या काचेसारख्या थराखाली) तपकिरी डागही दिसतात. हे दोष समजावेत का, आणि डाग ब्लीचने काढावेत का?

उत्तर (जुनी कपाटे, लंडन):
मागचा शब्दच तारखेचा निकाल देतो. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले आणि 1891 पासून इंग्लिश भांड्यांवर ‘इंग्लंड’ हा शब्द सर्रास दिसू लागला. त्यामुळे ही ताटली बहुधा त्यानंतरचीच आहे. घेताना ताटली उलटून पाहण्याची सवय लावून घ्या. 1842 ते 1883 या काळात नोंदवलेल्या नक्षीवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नोंदणी-छाप असे आणि त्यातली अक्षरे व आकडे वाचले की नोंदणीचा दिवससुद्धा कळतो.

उत्तर (मातीवेडी, पुणे):
काठाचा न जुळलेला जोड हा दोष मुळीच नव्हे. तांब्याच्या कोरीव पत्र्यावर कोबाल्ट धातूपासूनचा निळा रंग भरून तो पातळ कागदावर उतरवत, मग तो कागद एकदा भाजलेल्या भांड्यावर दाबून बसवत, पाण्याने काढून टाकत आणि शेवटी झिलई देऊन पुन्हा भाजत. काठाची पट्टी फिरवताना तिची दोन टोके जिथे भेटत, तिथे असा जोड राहून जाई, आणि मला तर त्यात कामगाराचा हात दिसतो. जोसाया स्पोड या इंग्लिश कुंभाराने इंग्लंडातल्या स्टोक गावी 1784 च्या सुमारास निळ्या छपाईची ही पद्धत यशस्वी केली. चिनी वाटणारी विलोची नक्षीही इंग्लंडातच तयार झाली आणि तिच्या चित्रावरून सांगितली जाणारी प्रेमकथा नंतर जोडली गेली.

उत्तर (जुनी कपाटे):
ब्लीच कृपा करून वापरू नका. ते झिलईच्या बारीक तड्यांतून आत मुरते आणि मागे राहिलेले क्षार पुढे झिलईचे पोपडे काढतात. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात काही दिवस भिजवून, पाणी बदलत राहा. तसेच जुन्या झिलईत शिसे असू शकते, म्हणून त्या ताटलीत जेवण वाढू नका.

निळाई:
मनापासून आभार. आज दिव्याखाली पाहिले, तेव्हा मागे भट्टीतल्या आधाराचे तीन बारीक ठिपके बोटाला लागले. ती 1820 ची नसली, तरी परत करणार नाही. आज रात्रीच पाण्यात ठेवते.